पोटातलं सरकारचं

सरकारी मालमत्तेची सरकारपेक्षा जास्त काळजी वाहणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. चितेगावच्या या मामांना कुठल्यातरी दुर्दैवी दिवशी कुणीतरी सांगितलं, की जमीन आपली असली तरी तिच्या पोटातलं खनिज सरकारचं. तेव्हापासून ते स्वतःच्याच शेतात पाहुण्यासारखे अंग चोरून वावरत. भुईमूग उपटला की मुळांची माती कणन् कण जागेवरच झटकायची. ‘‘शेंगा आपल्या. माती गौण खनिज हाय!’’ एकदा मुतखडा झाला, तर कळवळत डॉक्टरला विचारतात, ‘‘पोट माझं, पर खडा कुनाचा?’’ डॉक्टरही बेरकी. म्हणाले, ‘‘गौण आहे मामा, जाईल वाहून.’’ मामा ताडकन उठून बसले, ‘‘बिगर परवान्याचा?’’

हे सगळं मी हसून ऐकलं, माझ्या शहरातल्या घराचं जोतं भरायची वेळ येईपर्यंत. भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती, मुरूम कुठं मिळेना, आणि मामांच्या नव्या विहिरीकाठी तर मुरमाचा एवढा ढीग, की त्यात वेरूळसारखं आणखी एक लेणं कोरावं! मी ट्रॅक्टर घेऊन गेलो. मामा ढिगावर मांडी ठोकून बसलेले.

‘‘मामा, घरचाच तर मुरूम!’’

‘‘जावईबापू, इहीर माझी, मुरूम सरकारचा. आधी तहसिलीतून पास काढा.’’

‘‘इथं कोण बघतंय?’’

‘‘मी बघायलो ना!’’

ट्रॅक्टर रिकामा परतला. जोतं रखडलं, आणि मी तीन महिने सासुरवाडीत घरजावई होऊन काढले. मामांशी बोलणं बंद.

शेवटी दुसरीकडचा मुरूम आणून घर उभं राहिलं. वास्तुशांतीच्या दिवशी ऐन जेवणाच्या पंगतीला दारात मुरमाची ट्रॉली रिकामी झाली. पाहुण्यांच्या चपला गाडल्या गेल्या. ट्रॅक्टरवरून मामा उतरले, शिक्क्याचा पास नाचवत. माझ्या नावाच्या पाससाठी तहसिलीत इतके दिवस ते स्वतःच खेटे घालत होते. ‘‘आजच्याच तारखेचा हाय, म्हून घाई केली. घ्या, आता कुनाच्या बापाला भ्यायचं काम नाय.’’ मी डोक्याला हात लावला.

मामा गेले त्याला वर्ष झालं. उरलेला ढीग अजून विहिरीकाठीच आहे. परवा मी चितेगावला गेलो होतो, तर त्यांच्या मुलानं ट्रॅक्टर आणला, ‘‘दाजी, हे नेऊन वाटंवर टाकतो. सरका जरा.’’

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मी ढिगावर मांडी ठोकून बसलो होतो.

‘‘पास काढलास का?’’ मी विचारलं.