एका कानात वकीलबाई

उदगीरच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग स्वतः गाडीत चढवली आणि खिडकीशी येऊन एकच गोष्ट तीनदा सांगितली, "साहेब लोकांना उलटून बोलू नको. मान खाली घालून काम केलं की कुणाचं काही बिघडत नाही." बाबा शिंपी. चूक गिऱ्हाइकाची असली तरी हसून कपडा पुन्हा उसवणारा माणूस. आई मागे उभी होती. रडू येऊ नये म्हणून गाडीची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होती. केमिस्ट्री शिकून तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात निघालेली मी आमच्या गल्लीतली पहिली मुलगी.

कारखान्याजवळ बोईसरला जागा मिळेना म्हणून शेजारच्या उमरोळीला खोली घेतली. पहिले काही महिने सगळंच परकं वाटायचं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या हाताला तांदळाची भाकरी थापता येईना. कारखान्यात निम्मं बोलणं हिंदीत. घरी फोनवर मी फक्त छान छान सांगायचे: लॅब एसी आहे, पांढरा कोट मिळाला, कंपनीची बस न्यायला येते.

एक गोष्ट मात्र गावाकडे कुणालाच सांगितली नाही. आमच्या सेक्शनचे साहेब मशीनवरचं रीडिंग बघायच्या निमित्तानं माझ्या पाठीशी येऊन उभे राहायचे. आधी खांद्यावर हात, मग कमरेवर. रविवारी मेसेज यायचे, 'केळव्याला येतेस का? समुद्र दाखवतो.' मी प्रोबेशनवर होते आणि मला कायम करायचं की नाही ते त्यांच्या सहीवर ठरणार होतं. मी मान खाली घातली, अगदी सांगितल्याप्रमाणे. मेसेज किळस येऊन पुसून टाकले. त्यांचं किंवा कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही. चौकशीतली नावं गुप्त ठेवायची असा कायदाच आहे, आणि म्हणून पुढे येतील त्या मावशींचंही नाव मी बदललं आहे.

बसमध्ये कुणाशी बोलावं लागू नये म्हणून मी कानात काहीतरी लावून बसायचे. असाच एक मराठी पॉडकास्ट लागला. एक वकीलबाई कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल बोलत होत्या. आवाज शाळेतल्या बाईंसारखा, घाई नसलेला. त्या म्हणाल्या, "तुम्ही गप्प राहिलात याचा अर्थ तुम्हाला ते चालत होतं असा होत नाही." कारखान्याचं फाटक आलं, सगळे उतरले, मी बसूनच राहिले. ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, तबियत ठीक है?"

मग सगळे भाग ऐकले. कंपनीत तक्रार समिती असायलाच हवी, तिच्यात बाहेरची एक व्यक्ती असते. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यायची. कंत्राटी बायकांनाही हा कायदा लागू आहे. सगळं समजलं, पण माझ्याकडे पुरावा म्हणून एकही मेसेज उरला नव्हता.

लॅबमधली काचेची भांडी धुणाऱ्या कुसुममावशी समुद्राकाठच्या दांडी गावच्या. घरची होडी, पण नवरा गेल्यावर त्या कंत्राटावर इथे लागल्या. जेवणाच्या सुट्टीत मी इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात दिलं आणि दुसरं माझ्या. कंत्राटी बायकांचा भाग संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाय, मी पायलंय त्याला. काचेतना सगला दिसते. तुज्या आदीची पोर रडत गेली, तवा मी गप रायली. आता इचारला त सांगन."

तक्रार लिहिली त्या संध्याकाळी घरी फोन केला; साहेबांविरुद्ध तक्रार केलीय आणि ती वकीलबाईंचं पॉडकास्ट ऐकून केलीय, एवढंच सांगितलं. बाबा म्हणाले, "नोकरी सोड. परत ये. लोक तुलाच नावं ठेवतील."

"मी परत आले तर तो तिथंच राहील, बाबा," मी म्हटलं. त्यांनी फोन आईकडे दिला. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई रोज फोन करायची, जेवलीस का विचारायची आणि ठेवायची.

चौकशीत साहेब म्हणाले की माझं काम कच्चं आहे, त्याचा राग मी काढतेय. मग कुसुममावशींना बोलावलं. धुवट साडी नेसून आल्या होत्या. समितीच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवून पाठवलंय का?" मावशी म्हणाल्या, "माजे डोले माजेच हायत. त्यांना कोन शिकवल?"

दुसऱ्या आठवड्यात कंत्राटदारानं मावशींना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मी तडक दांडीला गेले. त्या अंगणात बोंबील सुकायला घालत होत्या. माझ्यामुळे झालं म्हणून मी माफी मागायला लागले, तर त्यांनी मला पाट दिला, चहा ठेवला. "तुज्यामुले नाय. त्याच्यामुले," म्हणाल्या. "ह्यो फरक तुला अजून नाय कलला?" परत येऊन मी तेही लिहून समितीला दिलं. समितीतल्या बाहेरच्या सदस्य बाईंनी ते लावून धरलं आणि महिन्याभरानं मावशी पुन्हा भांड्यांवर आल्या. तक्रार खरी ठरली. साहेबांना काढलं. लॅबमध्ये काही जण अजूनही माझ्याशी जपून बोलतात, तेवढं मी चालवून घेते.

आता समितीतल्या बायकांची नावं कँटीनबाहेर भिंतीवर आहेत. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायका मोबाइलचा आवाज मोठा करून एखादा भाग ऐकतात, आणि वकीलबाईंचं अवघड वाक्य आलं की मावशी ते थांबवायला लावून आपल्या बोलीत सांगतात.

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. चुलतबहीण संगीता पुण्याजवळच्या कंपनीत निघालीय. "ती वकीलबाई बोलते, ते मोबाइलवर कसं लावायचं? पोरीला जायच्या आधी ऐकवतो." मी पाठवलं. दोन दिवसांनी पुन्हा फोन. त्यांनी आधी स्वतः ऐकलं होतं, दुकान बंद ठेवून. म्हणाले, "तुला त्यानं काय केलं, हे मी कधी विचारलंच नाही."

"आता सांगू?"

"सांग."

खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. उदगीर सोडल्यापासून मी घरी फोनवर अर्धीच मुलगी पाठवत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण पोचले. शेवटी बाबा म्हणाले, "दिवाळीला ये. त्या मावशींनाही घेऊन ये."

मावशींना सांगितलं तर त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "तुजा बापूस मच्छी खाते का?"

"नाही हो. माळकरी आहेत."

"मंग तुमचे घरा मी काय नेऊ?" त्या खरोखर काळजीत पडल्या.

मावशींचं यायचं अजून ठरलेलं नाही. पण तिकिटं मी दोन काढली आहेत.