साडूभाऊंची कात्री आणि सासूबाईंचा काठ

अकोल्याच्या आमच्या साडूभाऊंच्या घरात गेल्या वीस वर्षांत एकही कागद धड राहिलेला नाही. झेंडू-शेवंतीचं वावर सांभाळून उरलेला सगळा वेळ हा माणूस कात्री आणि खळीचा डबा घेऊन बसतो. बियाण्यांच्या पिशव्या, उर्दू पेपर, संत्र्याच्या खोक्यावरची चित्रं, हाती लागेल ते कापायचं आणि पुठ्ठ्यावर चिकटवायचं. त्यात ना झाड, ना माणूस. नुसते रंग आणि तुकडे. एकदा मोर्शीच्या लग्नाची पत्रिका कोणी तारीख पाहण्याआधीच चित्रात गेली. आम्ही अंदाजाने दोन दिवस आधीच पोचलो आणि त्याच कार्यालयात भलत्याच लग्नात जेवलो. यजमानांनी आग्रहाने आणखी पुरी वाढली, तेव्हा साडूभाऊ माझ्या कानात म्हणाले, "पाहा, कोनी इचारलं का आपल्याले? मानूस कुठंबी चिकटते."

चित्रात काय आहे, असं विचारलं की समोरच्याचं गाव पाहून उत्तर बदलणार. पुण्याच्या पाहुण्याला "मुठा नदी", हैदराबादच्या व्यापाऱ्याला "चारमिनारचा बाजार". मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, खरं काय ते सांगा ना!" तर म्हणे, "आपलं वऱ्हाड कधी निजामाचं, कधी इंग्रजाचं, मंग नागपूरवाल्याइचं, मंग महाराष्ट्राचं. त्याले इचारता का, तू खरा कोनाचा?"

मागच्या दिवाळीत मात्र कात्री भलतीकडे चालली. आमच्या सासूबाई गेल्यावर त्यांचं एकच लुगडं थोरल्या मुलीकडे, म्हणजे साडूभाऊंच्या बायकोकडे, आमच्या ताईंकडे, उरलं होतं. ताईंनी ते ऊन द्यायला खाटेवर ठेवलं. शेजारीच कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीसाठी काढलेले जुने कपडे. साडूभाऊंनी ढिगात गल्लत केली आणि हिरवा काठ कापून मोकळे झाले. सासूबाई मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या. इकडे त्यांना जन्मभर 'बऱ्हाणपूरवाली' म्हटलं आणि माहेरी गेल्या की 'वऱ्हाडीण'. आईचं तेवढंच उरलेलं, तेही गेलं. ताईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं.

पुढे अमरावतीच्या प्रदर्शनात ते चित्र लागलं. ताई आल्या, पण आमच्याबरोबर. मधोमध तो काठ, एका बाजूला उर्दू अक्षरं, दुसऱ्या बाजूला संत्र्याचा भगवा कागद. कुणा बाईंनी विचारलं, "हे काय आहे हो?" एरवी दहा उत्तरं देणारे साडूभाऊ मान खाली घालून म्हणाले, "माही चूक हाये, बाई."

ताई पुढे झाल्या आणि त्यांनी काठावरून बोट फिरवलं. "चूक काहून? माही माय हाये ही. इकडचे तिकडची म्हनत, तिकडचे इकडची. पाहा, कशी मधात बसली."

साडूभाऊंनी महिन्याभराने ऐकलेला बायकोचा आवाज होता तो. ते तिथेच उभ्याउभ्या रडले. सासूबाईंना थट्टेने 'बऱ्हाणपूरवाल्या' मीही म्हणायचो, त्या हसायच्या. तुम्हाला कुठलं म्हटलेलं आवडेल, हे एकदा तरी त्यांना विचारायला हवं होतं.