कापूस नको म्हणणारी यादी

यंदाच्या ट्रेकची यादी मोबाईलवर आली, आणि ‘सुती कपडे आणू नयेत’ ही ओळ वाचताच मला आमच्या अल्लीपूरच्या घराच्या अंगणातली ती ओली बंडी आठवली. काही वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर मी पहिल्यांदाच हिमालयात निघाले होते. तिकडे तेव्हा दुपारी पाऊस आणि पहाटे बर्फ, इकडे आमच्या अंगणात ऊन असं की शेतातून वेचून आणलेला कापूस हाताला गरम लागायचा. तोच कापूस भरून आईने माझ्यासाठी जाड बंडी शिवली होती. मी तेव्हाची यादी वाचून दाखवली तशी ती उसळली, “कापूस काऊन नाई? आपल्या घरी दुसरं पिकते काय?” ओला कापूस लवकर वाळत नाही, तिथल्या थंडीत ते जिवावर बेततं, हे तिला पटेना. शेवटी मी बंडी आणि दुकानातलं नायलॉनचं जाकीट एकाच बादलीत बुचकळून तारेवर टाकलं. जाकीट तासाभरात वाळलं, बंडी मात्र दिवेलागणीलाही ओलीच होती. आईने ती दोनदा दाबून पाहिली. मला वाटलं, हरली. पण ती घरात गेली, खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी धुऊन घेऊन आली आणि माझ्या हातात कोंबत म्हणाली, “मंग तिले भिजू नको देजो!” पहाडावर मी चालले नायलॉनमध्ये, पण तंबूत झोपले ते बंडीतच, कोरडी आणि उबदार. यादीवाल्यांनी यंदाही खुशाल नको म्हणावं. बॅगेत सगळ्यात आधी बंडी गेली आहे, त्याच पिशवीत, तोंड घट्ट बांधून.