सिस्टरची तयारी

सरांचा धंदा तसा सरळ. परदेशी नोकरीला निघालेल्यांचं इंग्रजी ऐकायचं आणि आपली भाषा त्यात जिथे घुसते तिथून तिला कान धरून बाहेर काढायचं. कुणी म्हणायचं 'फीवर हॅज कम', कुणी पेशंटला गोळी 'ईट' करायला लावायचं. सर चेहरा न हलवता म्हणायचे, "पुन्हा." बायको गेल्यापासून त्यांचं हसणं बंद झालं, आणि रागावणंही. जेवलो की नाही, हेसुद्धा ताट बघून कळायचं. पोरं मागून त्यांना 'पुन्हासर' म्हणत. म्हणेनात का.

संध्याकाळच्या वर्गाला एक सिस्टर यायची. दिवसा तीच सरांच्या आईला सांभाळायची. आईचं अर्धं अंग लुळं पडलेलं, पण हट्ट शाबूत. सिस्टरशिवाय कुणाच्या हातचा घास घेईल तर शपथ. पोटच्या मुलाच्याही नाही. सिस्टर परीक्षा पास झाली की विमानात बसणार, नापास झाली की आई जेवणार. सरांना हे पक्कं ठाऊक होतं.

एके संध्याकाळी सिस्टर म्हणाली, "ईट द टॅब्लेट." सर 'पुन्हा' म्हणाले नाहीत.

"बरोबर ना, सर?"

"बरोबर."

ती खुशीत पुढे बोलत राहिली. आणखी दोन चुका आल्या, सरांनी त्याही जाऊ दिल्या. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, याचंच त्यांना जरा नवल वाटलं. ती चपला घालून जिना उतरायला लागली, तेव्हा मात्र ते दारात आले.

"सिस्टर, वर या. मघाशी तीनदा चुकलात. मी बोललो नाही."

"का हो, सर?"

"आईसाठी."

 ती वर येऊन खुर्चीवर बसली आणि पहिल्यापासून बोलायला लागली.

सिस्टर पास झाली, आणि गेली.

आईने ओठ घट्ट मिटून घेतले. नवी बाई दोन दिवसांत टेकीला आली. शेवटी सरांनीच चमचा पुढे धरला. आई छताकडे बघत होती.

"ती माहेरी गेलीय ना रे?" तिने विचारलं. "येईल ना परत?"

"येईल," सर म्हणाले.

आईने तोंड उघडलं. आता ती रोज जेवायच्या आधी विचारते, आणि सर रोज तेच सांगतात.