गिरधर आबांनी पारखलेला रेडिओ

सावद्याच्या बाजारात गिरधर आबांनी पाठीवर हात फिरवून पसंत केलेला बैल कधी दगा देत नसे. आसपासच्या गावांत कोणी जोडी घ्यायला निघाला, की आधी आबांच्या ओट्यावर यायचा. तोच माणूस जळगावला रेडिओ घ्यायला निघाला, तेव्हा गावाने हसून घेतलं यात नवल ते काय?

पण आबा हौसेने निघाले नव्हते. त्यांची बायको धुरपदाबाई केळीच्या बागेत पाटाजवळ घसरली आणि कंबर मोडून खाटेला खिळली. सगळ्या आळीला बोलून बेजार करणारी ही बाई हळूहळू बोलायचीच थांबली. काही विचारलं तर नुसती मान हलवायची. ते गप्प घर आबांना खायला उठायचं. घरात कुणाचा तरी आवाज असला तर तीही बोलू लागेल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

लीलाधर शेठच्या दुकानात त्यांनी रेडिओ बैलासारखेच पारखले. उचलून पाहिले, हलके ते बाद केले. मागचं झाकण उघडायला लावून आत डोकावले, कारण दात पाहिल्याशिवाय त्यांनी कधी जनावर घेतलं नव्हतं. शेठ एक छोटा रेडिओ पुन्हा पुन्हा पुढे करत होते.

"आबा, तुमच्या गावात वीज नाही. हा बॅटरी कमी खातो. वर्षभर बघायला नको."

"कमी खाईन तो वढीन काय?" आबा म्हणाले.

मग त्यांनी दोन रेडिओ मोठ्याने लावायला सांगितले आणि स्वतः रस्ता ओलांडून टांग्यांच्या अड्ड्यावर जाऊन उभे राहिले. छोट्याचा आवाज तिथे पोचलाच नाही. थोराड रेडिओ मात्र घोड्यांना बिचकवत होता. आबांनी तोच घेतला. बैलबाजारात कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तसा त्यांनी उपरण्याखालून हात पुढे केला. आबांच्या हाताला काही लागलंय, असं वाटून शेठ हळहळले.

वैशाखात, आखाजीच्या सणाला रेडिओ घरी आला. बांबूवर एरियलची तार चढली, आवाज पार वेशीपर्यंत गेला आणि अंगण माणसांनी भरलं. धुरपदाबाई खाटेवरून पाहत होती, पण आबांशी बोलली नाही. आषाढ संपायच्या आत बॅटरी संपली आणि रेडिओ मुका झाला. नवी बॅटरी महाग, म्हणून पंधरा दिवस तो तसाच पडून होता.

"आबा, तुमचं जनावर खादाड निघालं," शेजारचा उखर्डू म्हणाला.

आबांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी रेडिओ घोंगडीत गुंडाळला.

"कोठी नेता त्याले?" खाटेवरून आवाज आला.

आबा दचकलेच. "बदलून आनतो. लहान आनतो. तुह्या खाटेपुरता बोलीन."

"मंग तो मलेच आयकू येईन. बाया कशाले येतीन?" धुरपदाबाई म्हणाली. "तुमी शेतात जाता, तवा त्या रोज इचाराले येतात, रेडिओ बोलाले लागला का म्हनून. अन् मंग बसतात. ऱ्हाऊ द्या त्याले. बॅटरीची घाई नाही."

एवढं लांबलचक बोलणं आबांनी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते घोंगडीची गाठ सोडत बसले.

तेवढ्यात अंगणातून आळीतल्या मंदाबाईने विचारलं, "अक्का, बोलला का रेडिओ?"

"नाही अजून. ये, बैस," धुरपदाबाई म्हणाली, आणि मग दुपारपर्यंत तिने कुणालाच बोलू दिलं नाही.