ठकठक मिस्त्री आणि तळ्याकाठची जागा

आमच्या ह्यांना कामावर सगळे ठकठक मिस्त्री म्हणतात. फरशी बसवतात. काम संपलं, जागामालक खूश झाला, बाकीची माणसं हातपाय धुऊन निघाली की हे गुडघ्यांवर बसतात आणि थापीच्या लाकडी दांड्याने एकेक फरशी वाजवत खोलीभर फिरतात. खालचा सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो. कुठे पोकळी राहिली असेल तर फरशी पोकळ वाजते, आणि अशी फरशी आज ना उद्या फुटते. तशी एक जरी सापडली तरी हे ती उखडून पुन्हा बसवतात. लोक म्हणतात, असा कारागीर शोधून सापडायचा नाही. लोकांचं काय जातंय? त्यांना ह्यांच्याबरोबर राहायचं नाहीये.

राहायचं मला आहे, आणि सव्वीस वर्षांत मी नऊ घरं बदलली आहेत, सगळी भाड्याची. नव्या घरात सामान लागलं की ह्यांचं वाजवणं सुरू. एखादी फरशी पोकळ निघतेच. कुठल्या घरात नसते हो? झालं, मग ह्यांची झोप उडते. जेवताना लक्ष त्या कोपऱ्याकडे. मी तिकडून चालले की, "अगं, कडेने जा." दोन-अडीच वर्षं असं काढायचं, आणि एक दिवस चहा पिता पिता म्हणायचं, "दुसरीकडे बघू या." मी शंभरदा सांगितलं असेल, ती एक फरशी काढून दुसरी बसवा, मालक काही फासावर देत नाही. पण जगाच्या फरशा बदलणारा माणूस घरातल्या फरशीला हात लावेल तर शपथ.

मी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. दुसऱ्यांच्या खिडक्यांना मापात पडदे शिवून देते, आणि माझ्या ट्रंकेत नऊ घरांचे पडदे घडी घालून पडलेत. एकाही घराचा पडदा पुढच्या घरात बसला नाही. कुठे वीतभर आखूड, कुठे जमिनीवर लोळणारा. आमच्या घरात पायपुसणंही नसतं. पण ते ह्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे.

गेल्या महिन्यात एक घर विकत मिळण्याजोगं निघालं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. मी मनातल्या मनात खिडकीचं मापसुद्धा घेऊन टाकलं. हे दारातच उभे राहिले. आत येऊन बघा म्हटलं तर म्हणाले, "बघू सावकाश." मालकीणबाईंनी सोमवारपर्यंत हो-नाही कळवायला सांगितलं होतं. मी ताईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला फोन करून सगळं ओकले. ती म्हणाली, "माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. ये निघून. मी झाडून ठेवते, तू फक्त सांग." ताई चेष्टा करत नव्हती आणि मीही ऐकून सोडून दिलं नाही.

म्हणून तर तळ्यावर जायचं मी काढलं. खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकडे तंबू होता, तो मागून आणला. ह्यांना सांगितलं, दोन दिवस जरा हवा बदलू. खरं काय ते माझ्या पोटात. जो माणूस दोन रात्रींपुरती जागा ठरवू शकत नाही, त्याच्याबरोबर जन्माचं घर घ्यायचं नाही. तंबू एकदा ठोकला आणि हे तिथे राहिले, तर घर. नाहीतर ताईची खोली.

शनिवारी दुपारी पोचलो. तळं एवढंसं, रमतगमत फेरी मारली तरी वीस मिनिटांत संपेल. माणूस नाही, वारा नाही, पाण्यावर साधी सुरकुती नाही. ह्यांनी खुंट्या ठोकायची लाकडी हातोडी पिशवीतून काढली आणि मी ओळखलं, आता वाजवणं सुरू. कारण खुंटी हातात घेतलीच नव्हती.

पहिली जागा झाडांखाली. छान सावली. मी सतरंजी अंथरली. हे उकिडवे बसून जमीन वाजवत राहिले आणि म्हणाले, "खाली मुळं आहेत. पाठीला लागतील."

"पाठ माझी आहे," मी म्हटलं.

"माझीही आहे की."

उठलो. दुसरी जागा जरा चढावर, गवताची. तिथे तंबू अर्धा उभा राहिला होता. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात हे एका कोपऱ्यात थबकले, टाचेने दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. "इथे जमीन बसेल." तंबू उतरला. तिसरी जागा पाण्यालगत, तिथे ओल. चौथी बांधावर, तिथे खडी, आणि खडीखाली काय आहे देव जाणे, असं ह्यांचं म्हणणं. प्रत्येक वेळी सतरंजी गुंडाळा, भांडी उचला, पाण्याचा कॅन उचला. पायाला भिंगरी ह्यांच्या, आणि पाय तुटले माझे. चार वाजून गेले होते. दुपारपासून मी बूड टेकून पाच मिनिटं बसले नव्हते.

तळ्याचं एक टोक निमुळतं आहे. समोरचा काठ गल्लीपलीकडच्या घराइतका जवळ. तिथे पोचल्यावर मी सतरंजी टाकली आणि बसकण मारली.

"मी इथून हलणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही वाजवा, नाचा, काय वाटेल ते करा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बाजूच्या जमिनीकडे. हातोडी आपटली आणि चेहरा उतरला. "इथे पोकळ आहे गं. उंदराघुशीचं बीळ असेल खाली. मी समोर बघून येतो."

"बघा. माझी वाट बघू नका."

हे तंबूचं बोचकं खांद्यावर टाकून टोकाला वळसा घालून पलीकडे गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी फोन काढला. सोमवार कशाला हवा, आत्ताच ताईला सांगून टाकू, झाड म्हणावं खोली. नंबर लावणार तेवढ्यात समोरून हातोडीचा आवाज आला. ठक. ठक. पाण्यावरून इतका स्वच्छ येत होता की माझ्या शेजारीच वाजवतायत असं वाटलं. मग तो थांबला.

"इथे भरीव आहे," हे म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"मग राहा तिथे. मी ताईकडे राहायला जाते. कायमची."

मी बोलून गेले. हे बोचक्यावर बसले, हातोडी मांडीवर. घरात असते तर एव्हाना काहीतरी निमित्त काढून जिना उतरले असते. इथे मध्ये पाणी होतं, आणि मी ह्यांच्याजवळ नव्हते, म्हणून बसून राहिले असतील कदाचित.

"आईच्या वेळची ती फरशी," हे म्हणाले, "मी वाजवली होती."

लग्नानंतर दोन वर्षं आम्ही ह्यांच्या स्वतःच्या जागेत होतो. तिथल्या सगळ्या फरशा ह्यांनीच बसवल्या होत्या, सुटीच्या दिवशी बसून. न्हाणीघराच्या दारातली एक फरशी सासूबाईंच्या पायाखाली फुटली, त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. पाच महिने अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या. त्यानंतर आम्ही ती जागा विकली. ह्याबद्दल हे कधी अवाक्षर बोलले नव्हते.

"वाजवली होती म्हणजे?"

"आधीच्या आठवड्यात. पोकळ लागली. म्हटलं रविवारी काढू. रविवारी झोपून राहिलो. मंगळवारी ती पडली." हे म्हणाले, "आता घरात माझ्या हातची फरशी बसवायचा धीर होत नाही, आणि प्रत्येक घरात वाटतं, ह्या वेळी तू."

फोन माझ्या हातात तसाच होता. इतकी वर्षं ह्यांना बोल लावत आले, आणि मी स्वतः मूग गिळून बसले होते. अशी संधी मलाही परत मिळणार नव्हती. ह्यांची मान खाली होती, तोंड मला दिसत नव्हतं ते बरंच झालं.

"ती हलायची," मी म्हटलं.

"काय?"

"ती फरशी. पाय ठेवला की डगमगायची. मला महिनाभर माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, माझ्या कामाला नाव ठेवते. नवीन होते मी. म्हणून मी तिच्यावर पायपुसणं टाकलं. आईंना दिसलीच नाही."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. पाण्यापलीकडे हे उठून उभे राहिलेले दिसले. मग बोचकं उचलून चालू लागले. पलीकडून निघून रस्त्याला लागतात की काय असं वाटलं. पण हे टोकाला वळसा घालून इकडेच आले. माझ्यासमोर उभे राहिले. डोळे लाल.

"म्हणून आपल्याकडे पायपुसणं नाही होय?" हे म्हणाले.

मी मान डोलावली.

"मला वाटायचं तुला आवडत नाही."

हे माझ्याशेजारी उकिडवे बसले. हातोडीने जमीन वाजवत पोकळी कुठवर आहे ते पाहिलं, मग काठावरून दगडगोटे आणले. टाचेने बिळाचं तोंड फोडलं, त्यात दगड भरले, वर माती, मग पुन्हा दगड, आणि सगळं हातोडीने ठोकून ठोकून घट्ट केलं. मला हातांनी माती ओढायला लावली. नखांत चिखल गेला. अर्धा तास चाललं होतं. शेवटी हे गुडघ्यांवर बसले, एकदा वाजवलं आणि हातोडी माझ्याकडे दिली.

"तू बघ."

मी आयुष्यात पहिल्यांदा वाजवून पाहिलं. पूर्वीइतकं पोकळ नव्हतं. पण अगदी भरीवही नव्हतं, खोटं कशाला सांगू.

"थोडं राहिलंय," मी म्हटलं.

"राहिलंय," हे म्हणाले आणि पहिली खुंटी तिथेच ठोकली.

तंबू उभा राहिला. अंधार पडायला अजून अवकाश होता. माझ्या काठावर नेटवर्क नव्हतं, म्हणून मी बांधावर चढून ताईला फोन लावला.

"काय, झाडू का खोली?" तिने विचारलं.

खाली हे आत-बाहेर करत होते. मध्येच त्या कोपऱ्यावर टाच ठेवायचे, दाबायचे, पुढे जायचे. हे काही एका दिवसात सुटणार नाही, दिसतच होतं.

"नको," मी म्हटलं. "मला एक पायपुसणं घेऊन ठेव."