ठोकळ्याचं पेटंट

आमच्या ऑफिसात किस्से साठत नाहीत, तुंबतात. एक सांगून मोकळं व्हावं, तर मागे आणखी चार उभे! पनवेलला फरसाणाच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं. मी टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. मालकीण भारतीताई, जवळच्याच नेरे गावची. आमचं ॲप माल भरायला आलेल्या ट्रकांचे नंबर लावतं. नंबर आला आणि ड्रायव्हर जागेवर नसला, तर त्याला रांगेच्या शेवटी न ढकलता एकच घर मागे सरकवतं. एवढ्यावर आमचं पोट.

* * *

एका परदेशी बंदराची ऑर्डर हातातोंडाशी आली आणि तिकडच्याच एका बड्या कंपनीची नोटीस आली. ‘एक घर मागे’ म्हणे त्यांचं पेटंट! बंदरवाले म्हणाले, आधी हे मिटवा, मग सही. ऑर्डर गेली असती तर आमच्या ऑफिसला कुलूपच.

ताईने आमच्या प्रोग्रामरला विचारलं, "अश्फाक, खरं सांग. कुणाचं उचललंस?"

"तौबा तौबा! ताई, डेडलाइन तुम्ही देता. उचलायला वेळ कुठे असतो?"

* * *

पनवेलचा माणूस अडचणीत आला की जमिनीच्या वकिलाकडे जातो. अडचण कसलीही असो! आम्हीही गेलो. पाटील वकिलांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

अश्फाक हसू दाबत बाहेर पळाला. ताई मात्र गंभीर. "समजा, त्यांच्याच नावावर आहे."

"मग त्यांच्या आधीची वहिवाट दाखवा!"

जिना उतरताना मी कुरकुरले, "फुकट गेला दिवस."

"अगं, इतकं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं!" ताई म्हणाली. या बाईचं मला हेच आवडतं. कुणाचंही बोलणं ती वाया जाऊ देत नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी ती कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर. तिथे चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे ड्रायव्हर ओळीत मांडून ठेवतात. नंबर आला आणि माणूस नाही, की त्याचा ठोकळा एक घर मागे. मोबाइल यायच्या आधीपासूनची ही पद्धत, आमचं ॲप तिथेच शिकलं. पण पुरावा कुठून आणायचा?

एका ड्रायव्हरने दसऱ्याच्या ट्रकपूजेचा जुना व्हिडिओ शोधून दिला. कंपनीच्या पेटंटच्या अर्जाआधी कितीतरी वर्षं इंटरनेटवर चढवलेला. आरती रंगात आलीय, आणि युनियनचे बाळारामकाका दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत पायाने ठोकळा मागे सरकवतायत!

* * *

कंपनीच्या वकिलांनी व्हिडिओ कॉलवर ती आरती पुन्हा पुन्हा बघितली. ताईने काकांनाही शेजारी बसवलं होतं. तिकडून प्रश्न आला, या पद्धतीचा शोध तुम्ही कसा लावलात? ताईने तो काकांना मराठीत सांगितला.

"शोध नाय, काय नाय! आमाला चाय प्याला जायचा व्हता!"

ताईने हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पुढे पेटंटच्या जाणकार वकिलाकडून रीतसर उत्तर गेलं आणि काही महिन्यांनी कंपनीने आमचा नाद सोडला. बंदराची सही झाली तेव्हा मी ढसाढसा रडले. अश्फाक म्हणाला, "शुक्र है! आता तरी माझ्या चुका काढणं थांबव."

* * *

कंपनीने आम्हाला सोडलं, पेटंट नाही. तीच नोटीस आपटा गावच्या निनादला गेली. निनाद घरात बसून एकटा असलंच ॲप चालवतो, आणि आमची परदेशातली दोन गिऱ्हाईकं त्यानेच पळवलेली. नोटिशीला घाबरून तो धंदा बंद करतोय असं कळलं. मी मनात म्हटलं, बरं झालं!

ताईने स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि थेट आपटा गाठलं. निनादने लॅपटॉप विकायला काढला होता. ताईने त्याच्यापुढे पेनड्राइव्ह ठेवला. "व्हिडिओ, वकिलाचं उत्तर, सगळं यात आहे. वापर."

निनादला मान वर करवेना. "ताई, मी तुमची गिऱ्हाईकं नेली."

"ती मी परत आणणारच आहे," ताई म्हणाली. "पण त्यासाठी तुझं दुकान उघडं राहायला नको?"